फोंड्यातील गेमिंग संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड: निवडीच्या प्रकल्प नोंदी

६ जुलै २०२५, रविवार

फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारा भाचा माझ्याकडे फोंड्यातच राहतो आणि त्याच्या संगणकाची जुळणी आता ग्राफिक्स कार्डापाशी येऊन ठेपली आहे. रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, ३२ जीबी डीडीआर५ रॅम, एनव्हीएमई एसएसडी आणि २७ इंची, १८० हर्ट्झचा मॉनिटर एवढे घरात आहे. कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय मुद्दाम मागे ठेवले आहेत, कारण कार्डाची लांबी आणि त्याची वीज ठरल्याशिवाय या दोन वस्तू घेण्यात अर्थ नाही. ताई आणि भावोजींनी कार्डासाठी एक लाख रुपयांपर्यंत तयारी दाखवली आहे. रक्कम लहान नाही, म्हणून प्रत्येक निर्णयामागचे कारण लिहून ठेवावे असे ठरवले.

पहिला प्रश्न कार्डाचा नसून पडद्याचा आहे. आपला मॉनिटर २५६० × १४४० रिझोल्यूशनचा आहे, म्हणजे एका फ्रेममध्ये (पडद्यावरच्या एका चित्रात) ३६,८६,४०० पिक्सेल. फोर-के म्हणजे ३८४० × २१६०, म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेल. हे काम बरोबर सव्वादोन पट होते, आणि बाजारातली सर्वांत महागडी कार्डे प्रामुख्याने या सव्वादोन पटीसाठीच बनलेली असतात. भाच्याचे म्हणणे असे की पुढेमागे फोर-के मॉनिटर घ्यायचाच आहे, तर कार्ड आताच त्या ताकदीचे घ्यावे. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण टेबल दोन फूट खोल आहे आणि डोळा पडद्यापासून जेमतेम सत्तर सेंटिमीटरवर असतो. २७ इंचांत १४४० ओळी असताना दर इंचाला सुमारे १०९ पिक्सेल पडतात आणि एवढ्या अंतरावरून ते पुरेसे बारीक दिसतात. शिवाय फोर-केवर एनव्हिडियाची डीएलएसएस ही प्रतिमा मोठी करण्याची सोय 'क्वालिटी'वर ठेवली की कार्ड आतल्या आत २५६० × १४४० चीच फ्रेम काढते आणि ती मोठी करून दाखवते. म्हणजे आजच्या मॉनिटरवर जे कार्ड पूर्ण रिझोल्यूशनला समाधानकारक चालेल, ते उद्याच्या फोर-केवरही या मार्गाने निभावून नेईल. निवडीचा पाया म्हणून १४४० धरला.

९ जुलै २०२५, बुधवार

आज संध्याकाळी कंपन्यांची तपशील-पत्रके शेजारी शेजारी ठेवून वाचली. एनव्हिडियाची ५० मालिका यंदा जानेवारीत जाहीर झाली. आरटीएक्स ५०९० आणि ५०८० ही कार्डे ३० जानेवारीला विक्रीस आली, ५०७० टीआय फेब्रुवारीत आणि ५०७० मार्चमध्ये. एएमडीचे आरएक्स ९०७० एक्सटी ६ मार्चला आले. भारतासाठी एनव्हिडियाने जाहीर केलेल्या किमती ५०९० ला २,१४,०००, ५०८० ला १,०७,०००, ५०७० टीआयला ८०,००० आणि ५०७० ला ५९,००० रुपये अशा आहेत. दुकानात प्रत्यक्ष किंमत कंपनी आणि मॉडेलनुसार यापेक्षा बरीच वर जाते, पण आपसांतले प्रमाण समजण्यासाठी हे आकडे उपयोगी पडतात.

५०९० चा विचार लगेच संपला. ३२ जीबी मेमरी आणि ५१२ बिटांची बस (मेमरीकडे जाणारी वाट) हे सगळे थक्क करणारे असले तरी ते ५७५ वॉटचे कार्ड आहे. बजेटच्या दुप्पट किंमत हे एक कारण झालेच. दुसरे कारण असे की संगणक घेतो ती सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता म्हणूनच बाहेर पडते, आणि भाच्याची खोली दहा बाय दहाची, कौलारू छपराची, एसी नसलेली आहे. मे महिन्यात दार बंद करून त्या खोलीत बसणे आधीच कठीण असते.

मग ५०८० आणि ५०७० टीआय यांची नीट तुलना केली, आणि या कामातला सर्वांत महत्त्वाचा धागा इथेच हाती लागला असे मला वाटते. दोन्ही कार्डे जीबी२०३ या एकाच चिपवर बनलेली आहेत. ५०८० मध्ये ती चिप पूर्ण उघडलेली असते आणि तिच्यात १०,७५२ कुडा कोअर (हिशेब करणारे छोटे भाग) चालतात. ५०७० टीआयमध्ये काही भाग बंद ठेवून ८,९६० कोअर दिलेले आहेत. मेमरी दोघांनाही १६ जीबी जीडीडीआर७, बसही २५६ बिटांचीच. मेमरीचा वेग ५०८० मध्ये सेकंदाला ९६० जीबी आणि ५०७० टीआयमध्ये ८९६ जीबी. म्हणजे महागड्या कार्डात कोअर २० टक्के जास्त, मेमरीचा वेग सुमारे ७ टक्के जास्त, वीजही २० टक्के जास्त (३०० ऐवजी ३६० वॉट), आणि किंमत मात्र जवळपास ३४ टक्के जास्त. कोअर वाढले म्हणून फ्रेम त्याच प्रमाणात वाढत नाहीत, कारण मेमरीची वाट तेवढी रुंद झालेली नसते. ५०८० ला निदान २० किंवा २४ जीबी मेमरी दिली असती तर मी भावोजींशी वाढीव रकमेबद्दल बोललो असतो. जी मेमरी ८०,००० ला मिळते तीच १,०७,००० ला घेणे मला पटत नाही.

५०७० मध्ये १२ जीबी मेमरी आहे. आज ती पुरते, पण भाच्याला ब्लेंडरमध्ये (त्रिमितीय मॉडेल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) काम करायचे आहे आणि तिथे दृश्य मेमरीत मावले नाही तर रेंडर (मॉडेलचे अंतिम चित्र काढण्याचे काम) अडतो किंवा फारच मंदावतो. चार-पाच वर्षे वापरायच्या वस्तूत मेमरीची काटकसर नको.

१३ जुलै २०२५, रविवार

वापरलेले कार्ड घेण्याचाही पर्याय पाहून घ्यावा, म्हणून म्हापशाला जाऊन आलो. किनारपट्टीच्या एका गावातून विक्रीस आलेले आरटीएक्स ३०८० होते, २०२० साली आलेल्या मालिकेतले, १० जीबीचे. चालू करून दाखवले तेव्हा खेळही सुरळीत चालला. मात्र कार्ड बाहेर काढून उजेडात धरले तेव्हा निर्णय तिथेच झाला. मागच्या पट्टीचे स्क्रू तांबूस गंजले होते आणि हीटसिंकच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी भुकटी धरली होती, जी बोटाला खरखरीत लागत होती. एचडीएमआय पोर्टच्या धातूवर हिरवट ठिपके होते, आणि मेमरीच्या बाजूला थर्मल पॅडमधून पाझरलेले तेल कार्डाच्या मुख्य बोर्डावर पसरून त्यात धूळ चिकटली होती.

पाझरलेले तेल सोडले तर ही सगळी खारट, दमट हवेची लक्षणे आहेत. समुद्राजवळच्या हवेतले मीठ पात्यांवर बसते, पावसाळ्यातली आर्द्रता ते ओले ठेवते आणि पंखा रोज नवी हवा ओढून त्यात भर घालतो. पाती पांढरी पडली तरी कार्ड थोडे गरम चालेल इतकेच, पण तीच क्रिया चिपखालच्या बारीक सांध्यांवर किंवा कनेक्टरच्या पिनांवर चालू असली तर ती बाहेरून दिसत नाही. गंज आणि ओलाव्याने झालेले नुकसान वॉरंटीतही सहसा धरले जात नाही. फोंडा समुद्रापासून आत असल्याने मिठाचा त्रास आपल्याकडे कमी, परंतु दुसऱ्याच्या घरी गंजलेली वस्तू आपल्याकडे आणून ती सुधारत नाही. गोव्यात वापरलेले कार्ड घेणाऱ्याने आधी ते कोणत्या गावात आणि कशा खोलीत चालले हे विचारावे, किती वर्षे चालले हा प्रश्न त्यानंतरचा. आपल्यापुरते नवेच कार्ड घ्यायचे नक्की केले.

१९ जुलै २०२५, शनिवार

आजचा संपूर्ण दिवस घराच्या विजेवर गेला. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत इन्स्ट्रुमेंटेशनचे काम करत असल्याने मल्टिमीटर घरी असतो. भाच्याच्या खोलीतल्या तीन पिनांच्या सॉकेटवर मोजले, तर फेज आणि न्यूट्रलमध्ये २२४ व्होल्ट मिळाले, जे ठीक आहे. न्यूट्रल आणि अर्थ (जमिनीशी जोडणारी तार) यांच्यामध्ये मात्र ६१ व्होल्ट दाखवत होते, जिथे फार तर एक-दोन असायला हवेत. म्हणजे सॉकेटमधली अर्थची पिन जमिनीपर्यंत पोहोचतच नव्हती. स्विचबोर्ड उघडून हिरव्या तारेचा माग काढला तर ती भिंतीतून मागच्या बाजूला जाऊन जुन्या नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली होती. तो पाइप मागे कधीतरी काढून पीव्हीसीचा बसवला गेला आणि घराचा अर्थ त्याच दिवशी संपला, पण दिवे, पंखे चालूच राहिल्याने कुणाच्या लक्षात आले नाही.

ग्राफिक्स कार्डाशी याचा थेट संबंध आहे. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये आत येणाऱ्या विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही बाजूंनी धातूच्या पेटीला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थ शाबूत असेल तर त्यांतून येणारा किरकोळ प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थ तुटलेला असेल तर संपूर्ण कॅबिनेट घरातल्या व्होल्टेजच्या साधारण निम्म्यावर, म्हणजे ११० व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. कॅबिनेटला उघडा हात लागला की जी मुंगी येते ती हीच. प्रवाह अत्यल्प असल्याने माणसाला सहसा इजा होत नाही, परंतु अशा अवस्थेत चालू संगणकाला एचडीएमआयची केबल लावली आणि दुसऱ्या टोकाचा टीव्ही किंवा मॉनिटर वेगळ्या ठिकाणी अर्थ झालेला असेल, तर तो फरक कार्डाच्या पोर्टमधून वाट काढतो. ऐंशी हजारांच्या कार्डाचा पोर्ट याने जाऊ शकतो, आणि लोक दोष कार्डाला देतात.

वायरमनला बोलावून घराच्या मागे नवा अर्थ पिट करून घेतला. आपल्याकडे दोन-तीन फुटांखाली चिऱ्याचा दगड लागतो, त्यामुळे खणायला वेळ गेला. पाइप, कोळसा, मीठ, वर झाकण आणि तिथून थेट मुख्य बोर्डापर्यंत सलग तांब्याची तार, असे काम केले. त्याबरोबर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवला. यानंतर न्यूट्रल आणि अर्थमध्ये १.४ व्होल्ट आले. सध्या जमीन पावसाने चिंब आहे म्हणून आकडा चांगला येणारच. चिऱ्याची जमीन मे महिन्यात पूर्ण सुकते तेव्हा अर्थचा रोध वाढतो, त्यामुळे खरी परीक्षा तेव्हा घ्यावी लागेल.

व्होल्टेजबाबत मला फारशी चिंता वाटत नाही. संध्याकाळी ते १९५ पर्यंत उतरते आणि पावसात कधी २४५ वर चढते, पण अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज एकसारखी ओढणारे सर्किट) असलेला चांगला पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टसाठीच बनवलेला असतो आणि थोडे वरखाली सहज पेलतो. वेगळा स्टॅबिलायझर लावण्याची गरज नाही. वीज क्षणभर जाऊन येते ती जास्त त्रासाची. पॉवर सप्लायमधला साठा जेमतेम सोळा-सतरा मिलिसेकंद पुरतो आणि घरातला इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर त्याला बदलायला याहून अधिक वेळ लागू शकतो. शिवाय चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचे सप्लाय कधी कधी कुरकुरतात किंवा बंद पडतात. त्यामुळे संगणकासाठी स्वतंत्र, साइन वेव्हचा यूपीएस घ्यायचा.

यूपीएसचा हिशेब असा: कार्ड ३०० वॉट, खेळताना प्रोसेसर सुमारे ७० आणि बाकी सगळे ६० धरले तर ४३० वॉट होतात. पॉवर सप्लायची कार्यक्षमता नव्वद टक्के धरल्यास भिंतीतून सुमारे ४७५ वॉट ओढले जातील. ५०८० असते तर हाच आकडा साडेपाचशेच्या जवळ गेला असता आणि ५०९० ला पावणेआठशेच्या पुढे, म्हणजे घरगुती ६६० वॉटच्या यूपीएसच्या बाहेर.

२३ जुलै २०२५, बुधवार

आता एएमडी की एनव्हिडिया हा प्रश्न उरला आहे. आरएक्स ९०७० एक्सटीमध्येही १६ जीबी मेमरी आहे, जीडीडीआर६ प्रकारची, आणि ते ३०४ वॉटचे कार्ड आहे. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत ५९९ डॉलर आणि ५०७० टीआयची ७४९ डॉलर. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून उजेड-सावली दाखवण्याचे तंत्र) बंद असताना दोघांत नजरेला जाणवेल असा फरक बहुतेक खेळांत राहत नाही. रे ट्रेसिंग चालू केले की ५०७० टीआय पुढे जाते आणि पाथ ट्रेसिंग या त्याच्या अधिक जड प्रकारात हे अंतर चांगलेच वाढते. हा मुद्दा आता चैनीचा राहिलेला नाही, कारण 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि 'डूम: द डार्क एजेस' यांसारखे खेळ रे ट्रेसिंगचे हार्डवेअर नसलेल्या कार्डावर चालतच नाहीत.

भाच्याशी आज फ्रेम जनरेशनवरून (कार्डाने मधल्या फ्रेम अंदाजाने बनवण्यावरून) बराच वेळ चर्चा झाली. जानेवारीत एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी ५०७० मध्ये ४०९० ची (आधीच्या मालिकेतल्या सर्वांत वरच्या कार्डाची) कामगिरी मिळेल असे व्यासपीठावरून सांगितले होते, आणि भाच्याने सुरुवातीला ५०७० चा आग्रह धरला होता तो त्याच विधानावर. ती तुलना डीएलएसएस ४ मधील मल्टी फ्रेम जनरेशन धरून केलेली होती. त्यात कार्ड एक फ्रेम खरोखर काढते आणि तिच्यामागे तीनपर्यंत फ्रेम अंदाजाने तयार करून मध्ये घालते. पडद्यावर सेकंदाला २४० फ्रेम दिसतात, पण माउस आणि कीबोर्डची दखल घेऊन काढलेल्या फ्रेम त्यांत ६०च असतात. ६० फ्रेमना एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते. हाताला जाणवणारा प्रतिसाद या १६.७ वर ठरतो, आणि मधल्या फ्रेम घालण्यासाठी कार्डाला पुढची खरी फ्रेम थोडी धरून ठेवावी लागत असल्याने त्यात किंचित भरच पडते. मूळ वेग साठ-सत्तर असेल तर दृश्य छान गुळगुळीत दिसते आणि विलंब खटकत नाही. मूळ वेगच पंचवीस-तीस असेल तर आकडा कितीही फुगला तरी हात जड वाटतो. म्हणून कार्डाची तुलना करताना आधी फ्रेम जनरेशन बंद ठेवलेले आकडे पाहायचे, त्यातही सरासरीबरोबर तळाच्या एक टक्का फ्रेमचा वेग पाहायचा, कारण खेळताना अडखळणे तिथे दिसते. फ्रेम जनरेशन ही सोय मला आवडते आणि आपण ती वापरूही, पण खरेदीचा निकष म्हणून ती धरायची नाही. भाच्याने हे मान्य केले आणि स्वतःच नवा तक्ता करायला बसला.

डीएलएसएसची प्रतिमा मोठी करण्याची बाजू मात्र वेगळी आहे आणि ती मी निकषात धरतो. डीएलएसएसमध्ये ट्रान्सफॉर्मर हे नवे एआय मॉडेल आल्यापासून 'क्वालिटी'वर चित्र इतके स्वच्छ येते की स्थिर दृश्यात मूळ रिझोल्यूशनशी फरक शोधावा लागतो. एएमडीचे याच कामाचे एफएसआर ४ हेही आधीच्या आवृत्त्यांपेक्षा खूपच सुधारले आहे, पण ते मिळणारे खेळ अजून कमी आहेत.

निर्णय शेवटी ब्लेंडरने झाला. ब्लेंडरमधला सायकल्स हा रेंडर करणारा भाग एनव्हिडियावर ऑप्टिक्स या त्यांच्या सॉफ्टवेअरमार्फत रे ट्रेसिंगचे कोअर वापरतो, एएमडीवर तो त्यांच्या एचआयपीमार्फत चालतो, आणि या कामात ऑप्टिक्सचा वेग स्पष्टपणे जास्त आहे. शिवाय महाविद्यालयातले बरेचसे मशीन लर्निंगचे काम कुडा ही एनव्हिडियाची प्रणाली गृहीत धरूनच शिकवले जाते. केवळ खेळण्यासाठीच संगणक असता तर मी ९०७० एक्सटी घेऊन वाचलेल्या पैशांत चांगला मॉनिटर घेण्याचा सल्ला दिला असता, आणि भाच्याच्या ज्या मित्रांना फक्त खेळायचे आहे त्यांना आजही तोच देईन. आपल्यासाठी ५०७० टीआय.

२७ जुलै २०२५, रविवार

पॉवर कनेक्टरवर आज वेगळा वेळ दिला, कारण २०२२ च्या शेवटी ४०९० चे कनेक्टर वितळल्याच्या घटनांनंतर घरोघरी भीती बसली आहे आणि तिच्यामागचे गणित फारसे कुणी समजावत नाही. आताच्या कार्डांना वीज देणाऱ्या १२व्ही-२×६ या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या सहा तारा, परतीच्या सहा आणि चार बारीक संकेत-पिना असतात. त्याची मर्यादा ६०० वॉट. बारा व्होल्टवर ६०० वॉट म्हणजे ५० अँपिअर, सहा तारांत वाटल्यास प्रत्येकी ८.३ अँपिअर. अनेक कार्डांवर या सहा तारा बोर्डात शिरताच एकत्र होतात आणि कुठल्या तारेतून किती प्रवाह जातो यावर कार्डाचे नियंत्रण नसते. पालखीच्या सहा भोयांपैकी दोघांनी खांदा सैल सोडला की उरलेल्या चौघांवर भार येतो, तसेच दोन पिनांचा स्पर्श ढिला पडला की बाकीच्या तापतात. ३०० वॉटच्या कार्डाला हीच वाटणी प्रत्येकी चार-सव्वाचार अँपिअरची होते, म्हणजे दोन तारा पूर्ण निकामी झाल्या तरी उरलेल्या मर्यादेत राहतात. जुन्या आठ पिनांच्या कनेक्टरमध्येही १५० वॉट तीन तारांतून जाताना प्रत्येकी इतकाच प्रवाह असतो. ५०७० टीआय निवडण्याचे हेही एक कारण मी नोंदवून ठेवतो, जे तुलनेच्या तक्त्यांत सहसा दिसत नाही.

यावरून पॉवर सप्लाय ठरला: एटीएक्स ३.१ मानकाचा, ८५० वॉट, गोल्ड दर्जाच्या कार्यक्षमतेचा, स्वतःची १२व्ही-२×६ केबल असलेला. एनव्हिडिया या कार्डासाठी ७५० वॉटची शिफारस करते, पण क्षणिक उसळ्यांना जागा हवी आणि निम्म्या भारावर पंखाही शांत राहतो. केबलला कनेक्टरपासून पहिले ३५ मिलिमीटर तरी वाक देऊ नये, म्हणून कॅबिनेटची रुंदी कार्डाच्या उंचीपेक्षा ऐसपैस हवी. समोर जाळी, खाली आणि समोर काढता येणारे धूळ-फिल्टर आणि ३६० मिलिमीटरपर्यंतच्या कार्डाला जागा, असे एक कॅबिनेट मडगावच्या दुकानात टेप लावून मोजून आलो. काचेचेच समोरचे तोंड असलेली कॅबिनेटे दिसायला सुंदर असली तरी आपल्या हवेत नकोत.

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

मॉडेल निवडले आणि पैसे भरले. तीन पंख्यांचे, ३०५ मिलिमीटर लांबीचे, तीनपेक्षा कमी स्लॉट जाडीचे, साधे. त्याच चिपवरची जास्त दिव्यांची आणि कारखान्यातून ओव्हरक्लॉक केलेली मॉडेले बरीच महाग होती आणि त्यातून मिळणारा वेग दोन-तीन टक्क्यांचा होता. घेताना तीन गोष्टी लेखी मागून घेतल्या: अनुक्रमांक लिहिलेले जीएसटी बिल, भारतातल्या आयातदाराचे नाव असलेले सीलबंद खोके आणि वॉरंटीची मुदत. गोव्यात त्या कंपनीचे सेवा केंद्र नाही, कार्ड मुंबईला पाठवावे लागेल, हे दुकानदाराने आधीच स्पष्ट सांगितले. त्याच्या या सरळपणामुळे मी तिथूनच घेतले.

९ ऑगस्ट २०२५, शनिवार

कार्ड आले. आज नारळी पौर्णिमा आणि राखी असल्याने ताई आणि भावोजी काणकोणहून आले होते, त्यामुळे जुळणी सगळ्यांसमोर झाली. बाहेर मुसळधार पाऊस होता. कुरिअरच्या गाडीतून आलेले खोके लगेच न उघडता दोन तास खोलीत तसेच ठेवले. थंड वस्तू दमट हवेत उघडली तर तिच्यावर दव धरण्याची शक्यता असते, आणि एसीतून आणलेल्या सामानाबाबत हे आवर्जून पाळावे.

कार्ड स्लॉटमध्ये बसल्याचा खटका ऐकला, मागचे दोन स्क्रू आवळले आणि शेवटाला आधाराची दांडी लावली. पॉवरची केबल भाच्याने स्वतः बसवली. ती पूर्ण आत गेली की कनेक्टरची कळ कार्डावरच्या खाचेवर अडकते आणि दोघांच्या मध्ये फट राहत नाही. हे मोबाइलचा दिवा लावून दोन्ही बाजूंनी पाहिले आणि मग केबल हलकेच मागे ओढून खात्री केली.

संगणक सुरू झाल्यावर सर्वांत आधी जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर उघडून आरओपीची (तयार पिक्सेल मेमरीत लिहिणाऱ्या भागांची) संख्या पाहिली. फेब्रुवारीत एनव्हिडियाने मान्य केले होते की ५०९० आणि ५०७० टीआयच्या सुमारे अर्धा टक्का कार्डांत आरओपीचा एक गट कमी निघाला आहे आणि त्यामुळे वेग सरासरी चार टक्क्यांनी घटतो. ५०७० टीआयला ९६ असायला हवेत, सदोष कार्डात ८८ दिसतात. आपल्या कार्डात ९६ दिसले. मेमरी १६ जीबी, जोडणी १६ लेनची. मदरबोर्डचा स्लॉट पीसीआयई (कार्ड जोडण्याचे मानक) ४.० चा आहे आणि कार्ड ५.० चे, पण १६ लेन पूर्ण असताना हा फरक नगण्य राहतो.

ताईने विचारले, "एवढ्या पैशांत एवढीशी वस्तू?" मग भाच्याने तिला आमच्या आईच्या घराचे अर्धवट राहिलेले ब्लेंडरमधले मॉडेल उघडून दाखवले. तुळशीवृंदावन, ओसरी, कौले, सगळे त्याने मोजमापे घेऊन बनवलेले आहे. आधी लॅपटॉपवर ते रात्रभर रेंडरला लावावे लागे. आता कॅमेरा फिरवला की उजेड तिथल्या तिथे बदलताना दिसत होता आणि ताई बराच वेळ तिथेच उभी राहून पाहत होती.

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

आठवडाभराच्या वापरानंतरची मोजमापे. खोलीचे तापमान २९ अंश असताना तासभर खेळल्यावर चिप ६७ अंशांवर आणि मेमरी ७४ वर स्थिरावते. पंख्यांचा आवाज छताच्या पंख्याखाली ऐकू येत नाही. फ्रेमचा वेग पडद्याच्या १८० च्या वर जाऊ लागला की बारीक कॉइल व्हाइन (कार्डातल्या कॉइलचा शिटीसारखा आवाज) येते, म्हणून मर्यादा १७२ वर बांधली. त्यामुळे आवाज थांबला आणि वीजही वाचते.

पॉवर लिमिट ८५ टक्के करून, म्हणजे २५५ वॉटवर, तेच दृश्य पुन्हा चालवले. सरासरी फ्रेममध्ये चार टक्क्यांच्या आसपास घट झाली, तापमान पाच अंशांनी उतरले. दिवसाला तीन तास खेळ धरला तर हे ४५ वॉट महिन्याला चार युनिटे होतात. बिलात फार मोठी बचत नाही, पण उन्हाळ्यात त्या खोलीतली उष्णता तेवढी कमी होते हे मला जास्त मोलाचे वाटते. पावसाळ्यात पूर्ण ३०० वॉट आणि मार्च ते मे २५५, असे दोन प्रोफाइल करून ठेवले आहेत.

यूपीएसवर भार ४६५ ते ४८० वॉट दाखवतो, म्हणजे हिशेब जुळला. वीज गेल्यावर खेळ जतन करून संगणक बंद करायला सहा-सात मिनिटे मिळतात. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवसांत वाड्यावर रोषणाई आणि माटोळीचे (गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या छताचे) दिवे लागले की संध्याकाळचे व्होल्टेज आणखी उतरते, तेव्हा एकदा खेळ चालू असताना सॉकेटवर मोजायचे आहे.

ओलाव्यासाठी एकच नियम भाच्याला सांगितला आहे. पाऊस संपेपर्यंत संगणक रोज थोडा तरी चालू ठेवायचा, कारण गरम चालणाऱ्या कार्डावर दव धरत नाही, आणि चवथीला काणकोणला जाताना तो पूर्ण बंद करून यूपीएसचा प्लग काढून जायचा. धूळ-फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवायचे, पूर्ण वाळवूनच बसवायचे. बिल, अनुक्रमांकाचा फोटो आणि आयातदाराचा पत्ता एका फाइलमध्ये लावला आहे. कार्डाचे मूळ खोके आतल्या फोमसह कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवले आहे आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आहेत, कारण कार्ड मुंबईला पाठवायची वेळ आली तर त्याच खोक्यातून पाठवायचे आहे.